पहिला बर्फ पडायच्या आत : थंड देशात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

थंड देशात नोकरी लागली, घर मिळालं, लायसन्सचं मार्गी लागलं, गाडीही घेऊन झाली. ऑक्टोबर उजाडला की ऑफिसातलं कोणी ना कोणी विचारतंच, "टायर बदलले का?" नवीन माणूस बुचकळ्यात पडतो. टायर चांगले आहेत, नक्षी शाबूत आहे, मग बदलायचे कशाला? हा लेख त्याच्यासाठी आहे. कॅनडा, जर्मनी, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया, अमेरिकेचा उत्तर भाग, यांपैकी कुठेही पहिला हिवाळा काढायचा असेल तरी तयारी बहुतांशी सारखीच. कायदे तेवढे वेगळे.

क्रमाबद्दल आधीच सांगून टाकतो. थंडी म्हटलं की बहुतेकांना काळजी लागते ती सकाळी गाडी चालू होईल का याची. नाही झाली तर ऑफिसला उशीर होईल, बसने जावं लागेल, एवढंच. गाडी चालू झाली, रस्त्याला लागली आणि सिग्नलपाशी थांबलीच नाही तर काय, हा प्रश्न जास्त मोठा आहे. म्हणून आधी थांबण्याची सोय, मग दिसण्याची आणि चालू होण्याची त्यानंतर. हाताशी पैसे आणि वेळ बेताचे असतील तर खर्चही याच क्रमाने करा.

कधी सुरू करायचं

हवामानखात्याने पहिल्या बर्फाचा अंदाज दिला की त्याच संध्याकाळी शहरातल्या यच्चयावत गॅरेजांचे फोन वाजायला लागतात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांच्या वेळा भरून जातात. जर्मनीत 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा ढोबळ हिशोब लोक धरतात आणि तो वाईट नाही. सप्टेंबरअखेर गॅरेजची वेळ घेऊन ठेवा. टायर चढवायला गाडी उचलली जातेच, तेव्हा त्याच फेरीत बॅटरी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) आणि ब्रेकही तपासून घ्या.

पायरी १ : टायर

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. पारा ७ अंशांच्या खाली सातत्याने राहायला लागला की ते रस्त्याला नीट धरत नाही, मग बर्फ असो वा नसो. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचं असतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात. दुकानात दोन्ही टायर शेजारी ठेवून नखाने दाबून पाहिले तरी फरक कळतो.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर एक खूण शोधायची : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही खूण असलेला टायर बर्फावरच्या प्रमाणित चाचणीत उतरलेला असतो. नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं, त्यामागे तशी चाचणी असेलच असं नाही. सेकंडहँड गाडी घेताना विकणारा "विंटर टायर आहेत ना" म्हणून हेच एम+एस दाखवतो. खाली वाकून स्वतः बघा.

आता कायदे. जर्मनीत तारखा ठरलेल्या नाहीत, परिस्थिती ठरलेली आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दव गोठून झालेली निसरड असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे डोंगर-हिमकणाची खूण असलेलेच टायर चालतात, नुसतं एम+एस चालत नाही. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असेल तर सक्ती आहे. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, तेही रस्ता हिवाळी अवस्थेत असेल तर. कॅनडात प्रांतागणिक नियम बदलतो. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सरसकट सक्ती, रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी. ब्रिटिश कोलंबियात खुणा लावलेल्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून, काही ठिकाणी ३१ मार्चपर्यंत तर घाटांत ३० एप्रिलपर्यंत. ऑन्टारियोत सक्ती नाही, पण विंटर टायर लावले तर विमा कंपनीला हप्त्यात सवलत द्यावी लागते. ती आपणहून मिळेलच असं धरू नका, फोन करून मागा. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च चारही विंटर टायर लागतात, किंवा बर्फात टायरवर चढवायची चेन गाडीत ठेवावी लागते. सुटीत शेजारच्या देशात गाडी नेणार असाल तर तिथला नियमही आधी पाहून ठेवा, आपल्या देशाचा नियम सीमेपलीकडे कामाला येत नाही.

"ऑल-सीझन चालत नाही का?" हा प्रश्न दर वर्षी, प्रत्येक ग्रुपवर येतो. उत्तर कुठे राहता यावर आहे. वर्षातून चार-सहा वेळा बर्फ पडून दुपारपर्यंत वितळणाऱ्या सखल शहरात, डोंगर-हिमकणाची खूण असलेले चांगले ऑल-सीझन पुरतात. पारा आठवडेच्या आठवडे शून्याखाली असेल किंवा रोजच्या वाटेवर चढ-उतार असतील तर स्वतंत्र विंटर टायरच घ्या. दोन संच घेतले म्हणजे दुप्पट खर्च झाला असंही नाही, कारण एक वापरात असताना दुसरा झिजत नाही.

चार घ्या. दोन नाही. फक्त पुढच्या चाकांना विंटर टायर लावले तर पुढचा भाग रस्ता धरतो आणि ब्रेक मारताना किंवा वळणावर मागचा भाग निसटून गाडी गर्रकन फिरते. चारही चाकांना जोर देणारी गाडी असली तरी हेच लागू. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, चढ चढवते, थांबायला मात्र काडीची मदत करत नाही. बर्फाच्या दिवशी रस्त्याकडेच्या चरात घुसलेल्या गाड्यांत मोठ्या एसयूव्ही दिसतात, त्यामागे हा फाजील विश्वास असतो.

नक्षीची खोली मोजून घ्या. जर्मनीत कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, स्वीडनमध्ये ३ लागतात, ऑस्ट्रियात ४. कायदा काहीही म्हणो, ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ताज्या बर्फात विंटर टायर म्हणून संपलेला असतो. युरोपात असाल तर २ युरोचं नाणं खाचेत उभं घाला. त्याची रुपेरी कड सुमारे ४ मिलिमीटरची असते, ती पूर्ण आत बुडाली पाहिजे. जुना संच विकत घेत असाल तर टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचा. '३५२३' म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. रबर वयाने कडक होतं, नक्षी कितीही खोल असली तरी.

खिळ्यांचे टायर हा वेगळा विषय. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये ते ठरावीक महिन्यांत चालतात आणि गुळगुळीत बर्फावर त्यांच्याइतकी पकड दुसऱ्या कशाची नाही. जर्मनीत त्यांना जवळपास सगळीकडे बंदी आहे. शहरातच फिरणाऱ्याला बहुधा गरज पडत नाही.

शक्य असेल तर विंटर टायर वेगळ्या रिमवर बसवून घ्या. मग दर वर्षी टायर रिमवरून उतरवायचा-चढवायचा खर्च वाचतो आणि काम अर्ध्या तासात होतं. चाकं बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा योग्य ताकदीने आवळून घ्यायचे. गॅरेजवाला बिलावर हे लिहून देतो आणि लोक वाचत नाहीत.

टायरमधली हवा थंडीने कमी होते. दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). तळघरातल्या उबदार पार्किंगमध्ये २० अंशांना हवा भरली आणि बाहेर उणे १० असेल, तर पाचेक पीएसआय गेलेच. पहिल्या कडाक्याच्या सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो तो बहुतेक वेळा यामुळे, पंक्चरमुळे नाही. तरी चारही टायर एकदा बघाच. हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा.

डोंगरात जाणार असाल तर चेनही लागेल. आल्प्सच्या भागात निळ्या गोल फलकावर चेन लावलेल्या टायरचं चित्र दिसलं की तिथून पुढे चेन सक्तीची, विंटर टायर असले तरी. चेन इंजिनाचा जोर ज्या चाकांना जातो त्यांना लावायची आणि मग ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचं नाही. विकत आणून डिकीत टाकून ठेवू नका. घरापाशी, उजेडात, बर्फ नसताना एकदा चढवून-उतरवून बघा. उणे आठ अंशांत, अंधारात, ओल्या हातमोज्यांनी सूचनापत्रक वाचत बसणं फार कष्टाचं असतं.

पायरी २ : समोरचं दिसलं पाहिजे

नव्या माणसाला ज्याची कल्पना नसते असा प्रकार पुढे सांगतो. हायवेवर बर्फ बाजूला केलेला आहे, रस्ता नुसता ओला आहे, ऊनही आहे. पुढच्या ट्रकच्या चाकांतून मीठ आणि चिखल मिसळलेल्या पाण्याचा फवारा उडतो आणि काचेवर राखाडी थर चढतो. तुम्ही वॉशरचा दांडा ओढता. पंप घरघरतो, पाणी येत नाही, कारण टाकीत उन्हाळ्यातलं साधं पाणी होतं आणि नळीत ते गोठलंय. वायपर कोरडेच फिरतात आणि तो थर काचभर सारवला जातो. समोरून ऊन असेल तर काही सेकंद अक्षरशः काही दिसत नाही, आणि गाडी ताशी शंभराने चालली आहे.

उपाय सोपा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकीतलं जुनं पाणी फवारून फवारून संपवा आणि हिवाळी वॉशर फ्लुइड भरा. भरल्यावर ते काचेवर येईपर्यंत दांडा ओढत राहा, नाहीतर नळीत जुनं पाणी राहतं आणि तेच गोठतं. मागच्या काचेचीही नळी असते, ती विसरू नका. बाटलीवर किती अंशांपर्यंत गोठणार नाही हे लिहिलेलं असतं. कॅनडात उणे ४० चं सहज मिळतं. युरोपात बऱ्याचदा पाणी घालून वापरायचं घट्ट द्रावण मिळतं, त्यात पाणी किती घातलं की किती अंशांपर्यंत चालेल याचा तक्ता बाटलीवर असतो. यात अल्कोहोल असतं, काहींत मिथेनॉल, आणि ते पोटात गेलं तर विष आहे. मुलांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. खराब हवेत टाकी बघता बघता रिकामी होते, तेव्हा एक कॅन कायम डिकीत असू द्या.

वायपरचे ब्लेड नवीन घाला. रात्री बर्फाचा अंदाज असेल तर गाडी लावताना वायपर काचेपासून उभे करून ठेवा, म्हणजे चिकटत नाहीत. काही गाड्यांत ते बॉनेटखाली लपलेले असतात, त्यांच्यासाठी 'सर्व्हिस पोझिशन' असते, मॅन्युअलमध्ये सापडेल. आणि गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करा. ते चालू स्थितीत राहिले आणि सकाळी काचेला गोठलेले असताना इग्निशन दिलं, तर मोटरचा फ्यूज उडतो, कधी मोटरच जाते.

आतून धुकं धरणं ही वेगळीच कटकट. बुटांना लागून आत आलेला बर्फ वितळतो, पाणी गालिच्यात मुरतं, ते वाफेने काचेवर बसतं आणि रात्री आतल्या बाजूने गोठतं. खोल कडांचे रबरी मॅट घ्या, त्यातलं पाणी अधूनमधून ओतून टाका. धुकं घालवायला हीटरबरोबर एसी चालू करा. थंडीत एसी कशाला, असं वाटेल. पण तो हवेतला ओलावा काढून घेतो आणि काच झटकन साफ होते. आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण बंद पाहिजे. केबिन फिल्टर जुना असेल तर बदला, हवेचा जोरच कमी पडत असेल तर बाकीचं सगळं फुकट.

दिव्यांचीही एक खोड आहे. बऱ्याच गाड्यांत 'ऑटो'वर दिवसा फक्त पुढचे बारीक दिवे लागतात, मागचे लागत नाहीत. बर्फ पडत असताना मागच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. अशा हवेत दिव्यांचं बटण हाताने फिरवून हेडलाइट लावा. एलईडी दिव्यांची काच फारशी तापत नाही, त्यामुळे तिच्यावर बसलेला बर्फ आपोआप वितळत नाही, तो पुसावा लागतो. पुढच्या बंपरवरचा रडार बर्फाने झाकला गेला की आपोआप ब्रेक लावणाऱ्या सोयीही बंद पडतात. डॅशबोर्डवर तसा संदेश येतो तेव्हा घाबरू नका, उतरून पुसून घ्या.

पायरी ३ : गाडी चालू व्हायला हवी

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. उणे १८ अंशांच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर किंवा त्याहीखाली येते. उन्हाळाभर कुरकुर न करता चाललेली चार-पाच वर्षांची बॅटरी पहिल्या कडाक्याला मान टाकते ती यामुळे. गॅरेजमध्ये लोड टेस्ट करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. निकाल काठावरचा असेल तर थांबू नका, बदला. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर बॅटरी पुरती भरतच नाही, तेव्हा आठवड्यातून एक लांब फेरी मारा.

इंजिन ऑइलच्या नावातला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, जितका लहान तितकं तेल गारठ्यात पातळ राहतं. ०डब्ल्यू की ५डब्ल्यू, हे मात्र आपल्या मनाने ठरवायचं नाही, गाडीच्या पुस्तकात दिलेल्यातूनच निवडायचं.

कूलंटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की अँटीफ्रीझ (पाणी गोठू नये म्हणून त्यात घालतात ते ग्लायकॉल) जितकं जास्त तितकं चांगलं. तसं नाही. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या सुमारास गोठतं, आणि शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच! पाणी जास्त झालं तरी वाईट, ग्लायकॉल फार झालं तरी वाईट. गॅरेजमध्ये मोजायचं साधन असतं, त्यावर आकडा बघून घ्या. गाडी उष्ण भागातून आणलेली सेकंडहँड असेल तर हे नक्की करा, कारण कधीतरी कोणीतरी त्यात नुसतं पाणी भरलेलं असू शकतं.

डिझेल गाडीवाल्यांनी ऋतू बदलताना टाकीत जुनं उन्हाळी डिझेल ठेवू नये. थंडीत त्यात मेणाचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. जर्मनीत १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर पंपावर मिळणारं डिझेल उणे २० पर्यंत चालेल असं असतं, पण टाकीत ऑक्टोबरचं पडून असेल तर त्याचा काय उपयोग? इंधन कुठलंही असो, टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. बर्फात हायवे अडला तर तासन्‌तास हीटर चालवावा लागतो.

कॅनडाच्या प्रेअरी भागात किंवा फिनलंडमध्ये असाल तर गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारा विजेचा प्लग दिसेल. तो ब्लॉक हीटर, इंजिन गरम ठेवायचा. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही, टायमर लावून निघण्याच्या दोन-चार तास आधी चालू झाला तरी पुरतो. वायर लावलेली विसरून गाडी पुढे नेणारे दर वर्षी निघतात, म्हणून वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावरून घेऊन मग प्लगमध्ये घाला. डोळ्यांसमोर राहते.

इलेक्ट्रिक गाडी चालू व्हायची अडचण नाही, पण एका चार्जमध्ये अंतर बरंच कमी कापते. चार्जरला जोडलेली असतानाच ॲपवरून गाडी आणि बॅटरी गरम करून घ्या, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही. केबिनची हवा तापवण्यापेक्षा सीट आणि स्टीअरिंग गरम करणं स्वस्त पडतं.

दारांच्या रबरांना सिलिकॉनची कांडी फिरवा. नाहीतर रात्री रबर दाराला गोठतं आणि सकाळी जोर लावला की फाटतं. किल्लीने उघडणारं कुलूप असेल तर ते वितळवणारा स्प्रे घरात किंवा कोटाच्या खिशात ठेवा. तो गाडीच्या आत ठेवण्यात काही अर्थ नाही.

पायरी ४ : डिकीत काय ठेवायचं

याद्या इंटरनेटवर लांबलचक मिळतात. मी रोजच्या शहरी वापराला एवढं पुरेसं मानतो : बर्फ झाडायचा लांब दांड्याचा ब्रश, काच खरवडायचा स्क्रेपर, घडीचं फावडं, जम्पर केबल, टॉर्च, जाड हातमोज्यांचा जास्तीचा जोड, एक ब्लँकेट, फोनचा गाडीतला चार्जर, वॉशर फ्लुइड. शहराबाहेर जाणार असाल तर वाळूची किंवा मांजरांच्या टोपलीत घालतात त्या मातीची पिशवी, पाणी, खायला काहीतरी कोरडं आणि गरम कपडे वाढवा. वाळू रुतलेल्या चाकापुढे टाकायला. चकाकणारं जॅकेट आणि धोक्याचा त्रिकोण युरोपातल्या बऱ्याच देशांत तसाही बंधनकारक आहे.

जम्पर केबल लावायचा क्रम एका कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच ठेवा. लाल वायर आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग चालू गाडीच्या धन टोकाला. काळी चालू गाडीच्या ऋण टोकाला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली दिसली तर केबल लावायचीच नाही, ती फुटू शकते. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांना गोठते, म्हणून ही शक्यता वाटते तेवढी दूरची नाही.

बर्फात अडकून पडलात तर गाडी सोडून चालत निघू नका. आधी उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा. ते बुजलेलं असताना इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा आणि तेव्हा ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच किंचित खाली ठेवा.

पायरी ५ : रोजची सकाळ

अलार्म पंधरा मिनिटं आधीचा लावा. बर्फ छतापासून खाली झाडत यायचा : छत, मग काचा, बॉनेट, दिवे, नंबरप्लेट, आरसे. आळस करून छतावरचा बर्फ तसाच ठेवला तर पहिल्याच ब्रेकला तो सगळा घसरून पुढच्या काचेवर येतो, किंवा हायवेवर लादीसारखा उडून मागच्या गाडीवर आदळतो. बऱ्याच ठिकाणी त्याला दंडही आहे. काचेत बघण्यापुरतं एक भोक खरवडून निघणाऱ्यालाही जर्मनीत दंड होतो. तो योग्यच आहे, बाजूने येणारा सायकलवाला त्या भोकातून दिसत नाही.

काचेवर गरम पाणी ओतू नका. काच तडकते आणि न तडकल्यास तेच पाणी लगेच गोठतं. गाडी जागेवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून तापवायची सवयही लावून घेऊ नका. आताची इंजिनं हळू चालवली की लवकर तापतात, आणि जर्मनीत उगाच इंजिन चालू ठेवणं नियमाविरुद्ध आहे. उणे ३० च्या प्रदेशात गोष्ट वेगळी, तिथे काही मिनिटं द्यावीच लागतात.

रात्री गाडी लावताना, जागा सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये किंवा 'पी'मध्ये ठेवा. ओला हँडब्रेक गोठून चाकं जखडली जाऊ शकतात. उतारावर मात्र हँडब्रेक लागतोच. आणि कुठे लावतो आहोत तेही बघा. मॉन्ट्रियलमध्ये बर्फ उचलायच्या वेळी रस्त्यावर तात्पुरते केशरी फलक लावतात, गाड्या ओढून नेणारा ट्रक भोंगा वाजवत येतो आणि न हलवलेली गाडी ओढून नेतात. तो भोंगा ऐकून लोक पायजम्यावर खाली धावताना दिसतात.

रस्त्यावर जाण्याआधी एक तास

पहिला चांगला बर्फ पडला की एखादी मोकळी, परवानगी असलेली पार्किंगची जागा गाठा आणि ताशी वीस-तीसच्या वेगात जोरात ब्रेक मारून बघा. पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. तो एबीएस, ब्रेक मारताना चाकं जखडू न देणारी सोय, काही बिघडलेलं नाही. पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा. गाडी किती पुढे घसरत गेली ते उतरून पायांनी मोजा. तो अंदाज शरीरात बसला की पुढच्या गाडीपासून अंतर आपोआप वाढतं. मग हलकेच वळून बघा. पुढची चाकं घसरली तर स्टीअरिंग आणखी वळवून उपयोग नाही, उलट थोडं सरळ करून पकड परत येऊ द्यायची. मागचा भाग निसटला तर जिथे जायचंय तिकडे बघायचं आणि तिकडेच स्टीअरिंग न्यायचं, एक्सलरेटरवरून पाय काढून.

रस्त्यावर दोन जागांचा कायम संशय धरा, पूल आणि सावलीतली वळणं. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. नुसता ओला दिसणारा काळा रस्ता, आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी मात्र उडत नाही, हे दिसलं की तो ब्लॅक आइस, म्हणजे नजरेला न दिसणारा बर्फाचा पातळ थर समजा. "मीठ टाकलंय ना" यावरही फार विसंबू नका, साधं मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद ठेवा. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे राहा, तिला ओलांडू नका. तिच्या मागचा रस्ता साफ असतो, पुढचा नाही.

हे मीठ गाडी खातं. पारा शून्याच्या वर गेलेला दिवस गाठून दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी खालून धुऊन घ्या, धुतल्यावर दारांच्या कडा पुसा, नाहीतर दारं गोठतील. वसंतात पारा ७ च्या वर स्थिरावला की टायर परत बदलायचे. काढताना प्रत्येक टायरवर खडूने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं लिहून ठेवा. घरात जागा नसेल तर बऱ्याच गॅरेजांत टायर सांभाळायची सोय असते, तिची नोंदणी त्याच दिवशी करून टाका. पुढच्या सप्टेंबरची वेळही तिथेच मिळते.